खोडलेला बंध

एका तालुक्याच्या गावी एकदा एक फार थकलेले रसायनशास्त्राचे गुरू राहत होते, आणि त्यांच्याकडे त्यांच्याहूनही थकलेली एक शिष्या येत असे. गुरूंना गावात सगळे ओतारी सर म्हणत. महाविद्यालयातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले होते. ‘ही शेवटची विद्यार्थिनी, यापुढे कोणाला घ्यायचे नाही,’ असे ते दर वर्षी म्हणत. या वर्षी मात्र ते खरेच तसे म्हणत होते, कारण दुपारचे जेवण झाले की त्यांना फार वेळ बसवत नसे.

शिष्येचे नाव केतकी. तिची एम.एस्सी. झाली होती. तिला संशोधन करायचे होते, आणि त्यासाठी एखाद्या संस्थेने मुलाखत घेऊन तिला निवडायला हवे होते. पहिली मुलाखत हातची गेली होती. दुसरी, म्हणजे यंदाची शेवटची, पंधरवड्यावर आली होती. तीही गेली तर बी.एड.ला नाव घालायचे, असे घरी ठरले होते. घरची माणसे वाईट नव्हती. त्यांनी पुष्कळ वाट पाहिली होती, आणि वाट पाहून माणसे दमतात हे केतकीला कळत होते. खुद्द तिलाही आता कुठेतरी टेकावे असे वाटू लागले होते, आणि तसे वाटते याची तिला लाजही वाटत होती.

पहिल्या मुलाखतीत तिला अवघड असे काही विचारलेच नव्हते. सहा कार्बनांचे एक वलय असते. पुस्तकात ते षटकोनी काढतात, पण प्रत्यक्षात ते सपाट नसते. बाजूने पाहिले तर आरामखुर्चीसारखे दिसते, एका टोकाला उचललेले आणि दुसऱ्या टोकाला उतरलेले. म्हणून रसायनशास्त्राची मुले त्याला खुर्चीच म्हणतात. ही खुर्ची स्वस्थ बसत नाही. तिचे वरचे टोक खाली जाते, खालचे वर येते, आणि या उलथापालथीत एखाद्या कार्बनावर शेंडीसारखा ताठ उभा असलेला अणूंचा गट आडवा होतो. खुर्ची म्हटली की उलथापालथ आलीच, हे आपल्याकडे वेगळे शिकवावे लागत नाही. परीक्षकांनी एवढेच सांगितले, की उलटलेली खुर्ची काढून दाखवा.

केतकीने फळ्यावर एक खुर्ची काढली. शेजारी दुसऱ्या दिशेला तोंड केलेली दुसरी काढली. शेंडी मात्र दोन्हीकडे उभीच ठेवली.

“म्हणजे काही बदललंच नाही का?” एका परीक्षकांनी विचारले. “मग रेणूनं एवढी धडपड कशासाठी केली?”

केतकीने त्याच दोन शेंड्या खडूने पुन्हा गिरवल्या. थोड्या वेळाने त्यांनी तिला ‘बसा’ म्हटले. ते इतक्या सौम्यपणे म्हटले, की ते रागावले असते तर बरे झाले असते असे तिला वाटले.

असे का व्हावे? मुलगी ढ नव्हती, आळशी तर मुळीच नव्हती. तिच्या फोनमध्ये रेणूंच्या आकृत्या काढायचे एक ॲप होते, आणि त्यावर तिचे बोट असे चाले की वर्गातल्या मुली बघत राहत. एकदा टेकवले की षटकोन उमटे. दुसऱ्यांदा टेकवले की आयती खुर्ची. बंध, म्हणजे दोन अणूंना जोडणारी रेघ, वाकडा गेला तर ॲप तो सरळ करी. कार्बनाला चार हात असतात, त्याला चुकून पाचवा जोडला तर ते लाल होऊन थरथरे. शेवटी ‘नीट करा’ असे बटण होते. ते दाबले की सगळी आकृती पुस्तकातून काढून ठेवल्यासारखी दिसे. बसमध्ये, गॅसवर दूध ठेवून त्याच्यापाशी उभी असताना, बँकेच्या रांगेत, केतकी रेणू काढीत असे आणि पुसत असे.

आता मोबाइलला चार शिव्या ऐकायला मिळणार म्हणून काही वाचक सरसावून बसले असतील. त्यांची निराशा होणार आहे. ओतारी सरांना ते ॲप फार आवडत असे. त्यांच्या तरुणपणी हिरव्या प्लास्टिकची एक पट्टी मिळे, षटकोनी भोके पाडलेली. तिच्या कडेखाली शाई पाझरली की प्रबंधाचे अख्खे पान पुन्हा काढावे लागे. “आम्हाला हे असतं तर माझी पाठ जरा तरी उरली असती,” असे ते म्हणत.

तर पहिल्या मुलाखतीनंतर केतकी रोज चारच्या सुमारास सरांकडे येऊ लागली. सर गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसत, ती जिन्याकडच्या स्टुलावर. सर एखादा रेणू सांगत. ती फोनवर वाकून तो काढी आणि पुढे धरी. सर चष्मा कपाळावर चढवून पडदा नाकाजवळ नेत. बहुतेक वेळा आकृती बरोबर असे. नसली तर त्यांच्या कपाळावर एक आठी पडे. केतकी फोन परत घेई, बोटाने काहीतरी इकडचे तिकडे करी आणि विचारी, “आता?”

“आता बरोबर.”

की पुढचा रेणू. त्या पंधरवड्यात असे किती रेणू झाले याची गणती नाही. शेवटी शेवटी तर सरांची आठी अर्धी पडते न पडते तोच केतकीचे बोट हलू लागे. पण रोज संध्याकाळी जिना उतरताना तिला पहिल्या दिवसाइतकेच जड वाटे. वरच्या पायरीवर सर तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत उभे राहत. आपण या मुलीला काही शिकवले की नुसतेच तपासले, हे त्यांना सांगता आले नसते.

मुलाखतीच्या दोन दिवस आधी केतकीने विचारले, “सर, झाली का हो माझी तयारी?”

ओतारी सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “मला माहीत नाही.”

केतकीला हे लागले. इतके दिवस ज्या माणसाने ‘बरोबर’ म्हटले, त्याने आज असे म्हणावे? ती काही बोलणार, तेवढ्यात सरांनी हात पुढे केला. “फोन दे जरा तुझा.”

तिने दिला. मग सरांनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी आपली वेताची खुर्ची ओढत ओढत फिरवली, तिच्याकडे पाठ केली, आणि फोनवर काहीतरी काढायला लागले. त्यांचे बोट नको तिथे टेकत होते. मधूनच फोन गुर्र करी, म्हणजे कुठल्यातरी कार्बनाला पाचवा हात फुटला होता. सर स्वतःशीच ‘हं’ म्हणत, थांबत, पुन्हा सुरू करीत. खाली भंगारवाला ओरडत गेला. केतकी स्टुलावर अवघडून बसली होती. शेवटी सरांनी खुर्ची पुन्हा फिरवली आणि फोन तिच्या हातात दिला.

पडद्यावर एक रेणू होता. मोठा होता, त्यात तीन वलये होती, आणि तो निर्दोष होता.

“यात माझं काय चुकलं ते सांग,” सर म्हणाले.

केतकीने पाहिले. एकेक बंध मोजला. पुन्हा मोजला. “काही नाही चुकलं, सर.”

“चुकलं. पुष्कळ चुकलं. नीट बघ.”

तिने पडदा मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. “सर, खरंच बरोबर आहे.”

“एका ठिकाणी तर मी इतका अडलो होतो की सोडून द्यावं असं वाटलं. ते ठिकाण कुठलं, तेवढं तरी सांग.”

आता मात्र केतकीचा धीर सुटला. आवाज न चढवताच ती म्हणाली, “सर, मला आता कोडी नकोत. मला खरंच ताकद नाही. परवा मुलाखत आहे. तुम्ही कुठे अडलात, हे मला पडद्यावरून कसं दिसणार? तुम्ही पुसलं असेल. पुसलेलं मला कसं दिसेल?”

सरांनी मान हलवली. जणू तिने उत्तर देऊन टाकले होते.

“नाहीच दिसणार. मलाही दिसत नाही,” ते म्हणाले. “इतके दिवस झाले, तू मला हेच दाखवते आहेस. केतकी, मी जन्मभर उत्तरं तपासली असं लोकांना वाटतं. बरोबर उत्तरापुढे शिक्षकाला काही काम नसतं, एक खूण करायची आणि पुढे जायचं. मुलानं काय लिहून खोडलं, कुठे पेन दाबून धरलं, कुठे थांबलं, तिथे माझं काम सुरू होतं. तिथे मी त्याच्या शेजारी जाऊन बसू शकतो. तुझ्या या फोनमध्ये सगळं आहे, फक्त मला बसायला जागा नाही. तू चुकतेस ते फोनला कळतं, आणि तो ते झाकून टाकतो. मला तू दाखवतेस ते नीट केलेलं. मग मी कपाळाला आठी घालतो, आणि तू आठी वाचतेस. रेणू वाचत नाहीस. यात तुझा दोष निम्माच आहे. मला दुपारी बसवत नाही, आणि ‘बरोबर’ म्हणणं सोपं असतं.”

एवढे बोलून ते दमले. मग सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा सरलेला महिना फाडला, पान उलटे करून तिच्या मांडीवर ठेवले आणि खिशातले पेन दिले.

“खुर्ची काढ. दोन गट लाव शेजारीशेजारी. एक उभा, एक आडवा. मग उलटव. चुकलं तर गिरगटायचं नाही. एक रेघ मारायची, खालचं मला वाचता आलं पाहिजे. आणि माझ्याकडे बघायचं नाही.”

केतकीने काढले. फोनवर क्षणात उमटणारी खुर्ची कागदावर लवकर उभी राहीना. पाय एकीकडे, पाठ दुसरीकडे. ती कशीबशी उभी राहिली तेव्हा शेजारी उलटलेली काढायची वेळ आली. तिने दुसऱ्या दिशेला तोंड केलेली खुर्ची काढली. उभा गट उभा काढला, आडवा आडवा काढला. थांबली. पहिल्या मुलाखतीतला तो सौम्य आवाज आणि मग सरांची आठी तिला आठवली. उभ्या गटावर तिने रेघ मारली आणि तो आडवा काढला. आडव्याला हात लावला नाही. आता दोघेही आडवे होते. तिने पुन्हा पाहिले. काहीतरी पटत नव्हते, पण काय ते कळत नव्हते. तिने कागद पुढे केला.

ओतारी सरांनी कागद नाकाजवळ नेला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला.

“ही रेघ पाहिली का तू? या एका रेघेत सगळं आहे. तू आधी दोघांना होते तसेच ठेवलंस. म्हणजे तू खुर्ची उलटवलीच नाहीस, चित्र उलटवलंस. ॲपमध्ये तसं बटण आहे ना? डावं-उजवं करायचं?”

केतकीने मान हलवली.

“ते चांगलं बटण आहे, पण तो आरसा आहे. आरशात छत्री पाहिली तर छत्री तशीच राहते, दांडा फक्त दुसऱ्या हातात दिसतो. वाऱ्यानं छत्री उलटते तेव्हा काय होतं? एकेक काडी खरोखर वळते. रेणूचं हे असं आहे. आणि मग इथे तुला माझी आठी आठवली, म्हणून तू उभ्याला आडवं केलंस. आडव्यासाठी आठी पडलीच नव्हती कधी, म्हणून तो तसाच राहिला. काडी वळली तर सगळ्याच वळतील की. उभा आडवा झाला, तर आडव्याचं काय होईल?”

केतकीने कागद परत घेतला. खुर्चीचे उचललेले टोक तिने मनातल्या मनात खाली दाबले. हाताने नव्हे, आणि बटणानेही नव्हे. ते खाली गेले तसा त्याच्यावरचा गट कलला. शेजारचा कार्बन वर आला, आणि त्याच्यावरचा आडवा पडलेला गट हळूहळू ताठ झाला. तिने ते काढले.

“या खुर्चीत दोघांना एकदम आराम नाही,” ती म्हणाली.

“कुठल्या खुर्चीत असतो?” सर म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

पुढचे दोन दिवस तिने फोन बाजूला ठेवला. टाकून दिला नाही. कॅलेंडरचे सगळे सरलेले महिने संपले, तेव्हा शेजारच्यांकडून जुनी वर्तमानपत्रे आणून समासांत खुर्च्या काढल्या. त्या सगळ्या वाकड्या होत्या, आणि बऱ्याचशा खोडलेल्या होत्या. सरांनी एकेक खोडलेली जागा बोटाने दाखवून विचारले, ‘इथे काय झालं?’ आणि तिने सांगितले. रात्री ती अंथरुणावर पडली ती दमूनच, पण या दमण्याची तिला भीती वाटली नाही.

मुलाखतीच्या खोलीत तिघे परीक्षक होते. मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या होत्या आणि त्यांनाही दिवसभर प्रश्न विचारून कंटाळा आला असावा. त्यांनी सांगितले, “दोन खुर्च्या काढा, एका बाजूनं एकमेकींना जोडलेल्या. जोडाच्या ठिकाणचे दोन्ही हायड्रोजन विरुद्ध दिशांना ठेवा. आणि हा रेणू उलटवून दाखवा.”

हे केतकीने कधीतरी पुस्तकात वाचलेले असणार. पण त्या क्षणी तिला पुस्तकातले काही आठवले नाही. तिने फळ्यावर जोडखुर्च्या काढल्या, आणि पहिल्या खुर्चीचे टोक मनात खाली दाबले. गट कलले. दुसरी खुर्ची ज्या दोन बंधांनी जोडलेली होती ते आधी आडवे होते, आता उभे झाले. एक छताकडे गेला, एक जमिनीकडे. त्यांची टोके दुसऱ्या खुर्चीच्या उरलेल्या कार्बनांनी जोडायची होती. तिने एक रेघ ओढली. ती पोहोचेना. तिने त्या बंधावर एक आडवी रेघ मारली आणि दुसरीकडून काढून पाहिला. तोही पोहोचेना. त्यावरही रेघ मारली.

“डस्टर आहे तिथे,” एक परीक्षक म्हणाले.

“राहू दे, सर,” केतकी म्हणाली. मग तिने वळून तिघांकडे पाहिले. शेवटची मुलाखत होती आणि फळ्यावर दोन खोडलेले बंध होते. “मी इथे अडले आहे. पहिली खुर्ची उलटली की हे दोन बंध एकमेकांपासून लांब जातात. चार कार्बनांची साखळी त्यांच्यामध्ये पुरत नाही. मी काढण्यात चुकतेय, की ते जुळतच नाहीत, हे मला कळत नाही. पण अडलंय ते इथेच.” आणि तिने त्या जागेवर बोट ठेवले.

मग मधल्या बाई गुडघ्यावर हात टेकवून सावकाश उठल्या, फळ्यापाशी आल्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी दुसरा खडू घेतला.

“सकाळपासून सगळ्यांनी मला हे जोडून दाखवलं,” त्या म्हणाल्या. “लांबलचक बंध ओढून, सुबक. तू नाही अडलीस गं. हा रेणूच अडलाय. तो उलटू शकत नाही.” मग त्या खोडलेल्या बंधाच्या बाजूलाच काहीतरी काढू लागल्या. “आता हे बघ, याचा फायदा काय होतो ते.” आणि इतर दोघे घड्याळ पाहत असताना त्या तिला शिकवत राहिल्या. शेवटी खडू ठेवून हात झटकत म्हणाल्या, “उरलेलं आता जुलैत, लॅबमध्ये.”

त्याचा अर्थ केतकीला जिना उतरून फाटकापाशी आल्यावर कळला. ती तिथल्या कट्ट्यावर बसली. आनंद व्हायलासुद्धा अंगात थोडे त्राण लागते, ते तिच्यात नव्हते. तिने आधी घरी फोन केला आणि मग सरांना.

“सर, मी आज अडले होते.”

“कुठे?” ओतारी सरांनी विचारले. निवड झाली का, हे त्यांनी विचारलेच नाही.

तिने कुठे ते सांगितले.

“मग बाईंनी काय केलं?”

“उठून आल्या, सर. खडू घेतला आणि माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.”

पलीकडून वेताची खुर्ची करकरल्याचा आवाज आला.

“मग माझं काम झालं,” सर म्हणाले. “आता मी जरा पडतो.”